बोधनिक शैली

माहिती ग्रहण करण्याची, तिची जुळणी करण्याची आणि तिच्या आधारे प्रश्न सोडविण्याची व्यक्तीची बऱ्याच अंशी स्थिर असलेली धाटणी. माणसाला किती येते हे बुद्धिमापन पाहते. तो विचार कसा करतो, हा या संकल्पनेचा विषय. संज्ञेचा उगम सामान्यतः गॉर्डन ऑलपोर्टच्या १९३७ मधील व्यक्तिमत्त्वविषयक ग्रंथापर्यंत नेतात. काही अभ्यासक त्याही मागे, कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या विचार, भावना, वेदन आणि अंतःप्रज्ञा या चार मनोव्यापारांपर्यंत जातात. युंगचे प्रकार मात्र मुख्यतः रुग्णांच्या निरीक्षणातून आणि वाचनातून सिद्ध झाले. प्रायोगिक संशोधनाची परंपरा वेगळी धरणेच अधिक सयुक्तिक.

ही परंपरा एका साध्या प्रश्नातून निघाली : सरळ उभे काय आणि कललेले काय, हे माणसाला कशावरून कळते? कललेल्या आरशातून पाहिलेली तिरकी खोली काही वेळाने सरळ भासू लागते, असे माक्स वेर्टहायमरने १९१२ मध्ये नोंदविले होते; म्हणजे निवाडा दृष्टी करते. जेम्स गिब्सन आणि ओ. एच. माउरर यांनी १९३८ मध्ये उलट बाजू घेतली. त्यांच्या मते गुरुत्वाकर्षणाची शरीराला होणारी जाणीव हाच मूलाधार. सॉलोमन ॲश आणि हर्मन विट्किन यांचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग दृष्टीच्या बाजूने झुकले. परंतु मूळ वादापेक्षा महत्त्वाची ठरली ती माणसामाणसांतील तफावत. अंधाऱ्या खोलीत २८ अंश कललेली प्रकाशमान चौकट आणि तिच्यात फिरविता येणारी प्रकाशमान दांडी ठेवीत. दांडी सरळ उभी करण्यास सांगितले असता काहीजण ती चौकटीच्या कलाकडे झुकवीत. काहीजण शरीराच्या जाणिवेवर विसंबून जवळजवळ अचूक उभी करीत. पहिल्यांना क्षेत्रावलंबी (क्षेत्र म्हणजे भोवतालचा दृश्य संदर्भ, येथे चौकट), दुसऱ्यांना क्षेत्रस्वतंत्र म्हणू लागले. गुंतागुंतीच्या चित्रात दडलेली साधी आकृती शोधण्याच्या कसोटीतही साधारण तेच गट पडले. या कसोटीच्या आकृत्या कुर्ट गॉटशाल्टच्या १९२६ मधील आकृत्यांवर आधारलेल्या होत्या. तिची समूहासाठीची आवृत्ती १९७१ मध्ये आली. तीत गुण १८ आकृत्यांवर देतात.

व्यक्तिमत्त्वाशी सांधा विट्किनने १९५४ आणि १९६२ मधील ग्रंथांत जुळविला. त्याच्या मांडणीनुसार दांडी आजूबाजूच्या चौकटीपासून अलग पाहता येणे आणि स्वतःला इतरांपासून वेगळे जाणणे ही एकाच भेदनप्रक्रियेची अंगे होत. क्षेत्रावलंबी व्यक्ती संदिग्ध प्रसंगी इतरांच्या चेहऱ्याकडे व मताकडे अधिक लक्ष देते, माणसांच्या सहवासात रमते. क्षेत्रस्वतंत्र व्यक्तीचा ओढा अमूर्त, व्यक्तिनिरपेक्ष विषयांकडे असतो. दोन्ही टोकांना आपापले मोल आहे, असा विट्किनचा आग्रह होता.

हा आग्रह त्याच्याच कसोट्यांनी पुरता टिकू दिला नाही. दडलेली आकृती शोधण्यात एक टोक सदैव यशस्वी आणि दुसरे अयशस्वी ठरते. शिवाय या गुणांचा बुद्धिमापनाशी, विशेषतः अवकाशीय क्षमतेशी, लक्षणीय सहसंबंध आढळतो. त्यामुळे येथे मोजली जाते ती शैली नसून क्षमता, हा आक्षेप १९६० नंतर वारंवार घेतला गेला आणि तो सबळ आहे. केवळ या गुणांवरून एखाद्या विद्यार्थ्यावर स्वभावाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. सामाजिक संकेतांकडे लक्ष देण्यातील फरकाविषयीचे निष्कर्ष मात्र कसोटीच्या या दोषामुळे आपोआप रद्द होत नाहीत.

इतर शैलींपैकी जेरोम केगनची चिंतनशील–उतावीळ ही जोडी आणि जॉर्ज क्लाइनची फरक पुसट करणारी व ठळक करणारी शैली यांचा उल्लेख पुरेसा आहे.

संस्कृतीचा प्रभाव जॉन बेरीने १९६६ मध्ये तपासला. बर्फाळ प्रदेशात शिकार करणारे बॅफिन बेटावरील इन्यूइट लोक, शेती करणाऱ्या सिएरा लिओनमधील टेम्ने लोकांपेक्षा अधिक क्षेत्रस्वतंत्र आढळले. बेरीने याचा संबंध उपजीविकेशी आणि मुलांवरील शिस्तीच्या कडकपणाशी लावला. भारतात रमेशचंद्र मिश्र, दुर्गानंद सिन्हा आणि बेरी यांनी तत्कालीन बिहारमधील बिरहोर, असुर आणि उराँव जमातींवर याच दिशेने काम केले. ते १९९६ मध्ये ग्रंथरूपाने आले. भौमितिक आकृत्यांचा सराव नसलेल्या मुलांसाठी सिन्हा यांनी निराळी कसोटी रचली होती. तीत गोष्टीच्या ओघात, ओळखीच्या दृश्यांच्या चित्रांत दडलेल्या वस्तू मुलांना शोधायच्या असतात.