एका कॅबिनेटात अनेक गेम: हे सगळं सुरू कुठून झालं

जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं उभं खोकं, मिळवायचं, आतला गेम चालवणारा मूळ सर्किट बोर्ड काढायचा आणि त्याच्या जागी साठ गेमवाला बोर्ड बसवायचा, हे आता नागपुरातही बरेच जण करायला लागलेत, आणि कोणी केलं की लगेच वाद सुरू होतो की जुन्या वस्तूची वाट लावली. मला हा वाद अर्धवट माहितीवरचा वाटतो. कॅबिनेट तेच ठेवून आतला गेम बदलायचा ही गोष्ट आपण आत्ता शोधून काढलेली नाही, कंपन्यांनी आणि गेम पार्लरवाल्यांनी ती जवळपास सुरुवातीपासून केली. त्यातून नेमकं काय जपायचं हेही कळतं, म्हणून जरा मागून सांगतो.

अगदी पहिल्या पिढीत हे शक्यच नव्हतं. अटारीचा पाँग १९७२ चा, त्यात प्रोसेसर नाही, प्रोग्राम नाही, अख्खा खेळ टीटीएल नावाच्या साध्या लॉजिक चिपांच्या जोडणीतच बसवलेला. गेम बदलायचा म्हणजे बोर्डच नव्याने डिझाइन करा. मग १९७५ मध्ये मिडवेच्या गन फाइटमध्ये इंटेलचा ८०८० प्रोसेसर आला आणि तिथून गेम हा रोममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरी चिपमध्ये, लिहिलेला प्रोग्राम झाला. बाकी हार्डवेअर जुळत असेल तर रोम बदलून गेम बदलता येतो, ही सोय तेव्हापासूनची.

ती सोय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली ती अडचणीतून. निन्टेन्डोने अमेरिकेत रडार स्कोप नावाच्या गेमची सुमारे ३००० मशीन मागवली, त्यातली साधारण १००० विकली गेली आणि बाकीची गोदामात पडून राहिली. इतका माल फेकणार कसा, म्हणून आपल्याच डिझायनरकडून, शिगेरू मियामोतोकडून, त्याच हार्डवेअरवर चालेल असा नवा गेम करून घेतला, तो १९८१ चा डाँकी काँग. तिकडच्या ऑफिसातल्या लोकांनी हाताने एकेका मशीनमधले भाग बदलले, वरची चित्रं बदलली, आणि म्हणून सुरुवातीचे काही डाँकी काँग रडार स्कोपच्या लाल कॅबिनेटात सापडतात. आज त्या लाल कॅबिनेटांसाठी जुनी मशीन जमवणारे कलेक्टर लोक जीव टाकतात, आणि ती कन्व्हर्ट केलेलीच आहेत!

मिस पॅक-मॅनची गोष्ट तर याहून भारी आहे. एमआयटीतली काही पोरं कॅम्पसवर आर्केड मशीन चालवायची, लोक एकाच गेमला कंटाळले की गल्ला खाली यायचा, मग त्यांनी अटारीच्या मिसाइल कमांडला जोडायचा एक छोटा बोर्ड बनवला ज्याने तोच गेम जास्त अवघड आणि वेगळा व्हायचा. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ही त्यांची कंपनी. अटारीने केस ठोकली, पुढे तडजोड झाली आणि ठरलं की मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय असे बोर्ड विकायचे नाहीत. तोवर त्यांचा पॅक-मॅनवरचा क्रेझी ऑटो नावाचा बोर्ड जवळपास तयार होता, तो घेऊन ते सरळ पॅक-मॅन अमेरिकेत विकणाऱ्या मिडवेकडे गेले, आणि १९८२ मध्ये तोच मिस पॅक-मॅन म्हणून बाजारात आला. आतमध्ये काय होतं? पॅक-मॅनचाच बोर्ड, झेड८० प्रोसेसर सॉकेटमधून काढलेला, त्या सॉकेटात केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाला छोटा बोर्ड, प्रोसेसर आता त्याच्यावर, आणि मूळ प्रोग्रामचे ठराविक तुकडे तो छोटा बोर्ड जागच्या जागी बदलून देतो. म्हणजे अमेरिकेत सगळ्यात जास्त चाललेल्या आर्केड गेमांपैकी एक मुळात मॉड, म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये केलेला बदल, आहे. आज पॅक-मॅनच्या कॅबिनेटात अनेक गेम टाकणारी जी किट मिळतात तीही याच वाटेने जातात, प्रोसेसरच्या सॉकेटात छोटा बोर्ड, त्यावर मोठी मेमरी, चित्रांच्या रोमच्या जागीही मोठी रोम, आणि मेनूतून गेम निवडला की त्या मेमरीतला योग्य भाग समोर येतो. पॅक-मॅनच्या हार्डवेअरवर किंवा त्याच्या जवळच्या हार्डवेअरवर चालणारे गेम बरेच असल्यामुळे हे जमतं. चिपा परत जागेवर लावल्या की मशीन पुन्हा जसंच्या तसं.

मधे डेटा ईस्टने १९८० मध्ये कॅसेटवरून गेम लोड होणारी सिस्टीम काढली होती, पण टेप खराब व्हायच्या आणि लोड व्हायला मिनिटं लागायची, ती काही टिकली नाही. निन्टेन्डोचं १९८६ चं प्लेचॉइस-१० मात्र एका कॅबिनेटात दहा गेम द्यायचं, कॉइन टाकला की जीव मिळायचे नाहीत, वेळ मिळायचा.

खरी कलाटणी १९८५ ची. तोवर प्रत्येक कंपनीचं वायरिंग वेगळं. पॅक-मॅनचा कनेक्टर ४४ पिनांचा आणि त्या बोर्डाला डीसी नाही तर ट्रान्सफॉर्मरमधून आलेला सात व्होल्ट एसी लागतो, तो बोर्ड स्वतःच त्याचा डीसी करून घेतो. दुसऱ्या कंपनीचा बोर्ड आणायचा तर वायरिंग पहिल्यापासून. मग जपानच्या आर्केड कंपन्यांच्या संघटनेने जामा स्टँडर्ड आणलं, ५६ पिनांचा एकच कनेक्टर, त्यात पॉवर, व्हिडिओ, स्पीकर, कॉइन, दोन प्लेअरांच्या जॉयस्टिक आणि प्रत्येकी तीन बटणं. जुना बोर्ड ओढून काढा, नवा खोचा, झालं. १९९१ मध्ये स्ट्रीट फायटर टू सहा बटणं घेऊन आला तेव्हा तीन बटणांसाठी वेगळी वायर ओढावी लागली, पण मूळ कनेक्टर तोच राहिला.

नागपूरची गोष्ट इथून सुरू होते, कारण आपण आर्केड पाहिलं ते मुख्यतः जामाच्याच काळात. बर्डी, सदर, महाल, इतवारी, धरमपेठ, शाळा सुटली की पोट्टे टोकन घेऊन उभे. आमच्या भागातल्या पार्लरमधली बहुतेक कॅबिनेटं सुताराने केलेली होती, प्लायवूड, वरून सनमायका, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि मागे जामाचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बाजूला कंपनीची चित्रं वगैरे काही नाही. मालक बोर्ड बदलत राहायचा. आज ज्यात मुस्तफा आहे त्यात दोन महिन्यांनी स्नो ब्रदर्स, मग कॅप्टन कमांडो, मग किंग ऑफ फायटर्स ९७. मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, पण ते नाव आमच्यापैकी कोणी घेतल्याचं आठवत नाही, पिवळ्या टोपीवाला मुस्तफा हाच गेम. बोर्डही बरेचसे नकली असायचे, आणि खरं सांगायचं तर नकली नसते तर आमच्या खिशाला ते परवडलेच नसते.

म्हणून मूळ मशीनला हात लावायचा नाही हा अमेरिकेतल्या कलेक्टरचा नियम इथे आंधळेपणाने लावू नये असं मला मनापासून वाटतं. १९८० चं पॅक-मॅनचं मूळ कॅबिनेट, त्यावरची चित्रं, त्याचा उभा मॉनिटर, ही एकाच गेमसाठी घडवलेली वस्तू आहे, तिच्यात ड्रिल चालवणं चूकच. पण महालातल्या पार्लरच्या सनमायकाच्या कॅबिनेटला ओरिजिनल गेम असा नव्हताच कधी, बोर्ड बदलत राहणं हाच त्याचा इतिहास. तिथे दुर्मीळ आहेत ते बोर्ड, आणि कबाडीत आधी तेच जातात. कॅपकॉमच्या अस्सल बोर्डांचं दुखणं अजून वेगळं, कारण त्या काळातल्या मुस्तफासारख्या काही बोर्डांवर नक्कल होऊ नये म्हणून बॅटरीवर टिकणारी माहिती ठेवलेली असते, बॅटरी संपली की ती पुसली जाते आणि बोर्ड नीट चालत नाही. नकली बोर्डांना ही भानगड नाही, म्हणून आपल्या इथले कित्येक नकलीच अजून चालू सापडतात.

एका कॅबिनेटात अनेक गेम ही कल्पना पार्लरमध्ये रुजवली ती एसएनकेच्या निओ जिओने, १९९० पासून, सहापर्यंत कार्ट्रिज एका मशीनमध्ये आणि समोरच्या बटणाने गेम निवडायचा. पुढचा धक्का कॉम्प्युटरवरून आला. इटलीच्या निकोला साल्मोरियाने पॅक-मॅनच्या हार्डवेअरचे इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल कॉम्प्युटरवर करणारे प्रोग्राम, एकत्र करता करता मेम हा प्रोग्राम उभा केला, पहिली आवृत्ती ५ फेब्रुवारी १९९७ ला आली. त्याचा उद्देश जुन्या बोर्डांचं काम नीट नोंदवून ठेवणं हा होता आणि ते काम फार मोठं आहे, गेम खेळायला मिळणं हा त्यातला वरचा फायदा. चीनमधून येणारे ते साठ गेमवाले सिक्स्टी इन वन बोर्ड याच इम्युलेशनवर चालतात, जामाचाच कनेक्टर, पाच व्होल्ट डीसी, आणि काही गेमचा आवाज थोडा चुकतो. त्यातल्या गेमचे हक्क मात्र मूळ कंपन्यांचेच असतात, हे विकणारा सांगत नाही.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी इतिहासातूनच दोन-तीन गोष्टी. जुना आर्केड मॉनिटर साधारण १५ किलोहर्ट्झवर चालतो आणि कॉम्प्युटरचा व्हीजीए ३१ वर, त्यामुळे बोर्डचं आउटपुट त्याप्रमाणे सेट करा. सिक्स्टी इन वनमधले गेम बहुतेक उभ्या स्क्रीनचे आहेत, पार्लरच्या कॅबिनेटातली टीव्ही ट्यूब आडवी, मग चित्र लहान दिसतं, त्यात बोर्डचा दोष नाही. टीव्हीच्या सर्किटची ग्राउंड बऱ्याचदा थेट मेनच्या लायनीला जोडलेली असते, मेनच्या लायनीपासून सर्किट वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्याला बोर्ड जोडू नका, आणि पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या वर असतात, मशीन बंद केल्यावरही चार्ज राहतो, ज्याला येतं त्याच्याकडूनच काढून घ्या.

आणि आपला मे महिना. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंश वाढलं की ढोबळमानाने अर्धं होतं, ४५ डिग्रीत बंद गच्चीवरच्या खोलीत ठेवलेल्या मॉनिटरचं काय होत असेल ते बघा, म्हणून मागे पंखा लावा आणि कपॅसिटर बदलून घ्या. मूळ हार्नेस कापू नका, ५६ पिनांचा कनेक्टर तसाच राहिला तर उद्या कुणाच्या माळ्यावरून मुस्तफाचा बोर्ड निघाला तरी तो सरळ खोचता येईल, आणि जुन्या ४४ पिनांच्या बोर्डांसाठी ॲडॅप्टर घरी सोल्डर करता येतो, फक्त सात व्होल्ट एसीची सोय वेगळी ठेवा.