स्टुडिओत किंवा दुरुस्तीच्या दुकानात मुलांच्या शोषणाचे फोटो दिसले तर: पोक्सोखाली खबर कोणी, कुठे आणि कशी द्यायची

तालुक्याच्या गावातला एक मोबाइल दुरुस्तीवाला तरुण माझ्याकडे आला होता. गिऱ्हाइकाच्या जुन्या फोनमधला डेटा नव्या फोनमध्ये टाकायचं साधं काम. फोटो सरकत असताना स्क्रीनवर एका लहान मुलीचे फोटो आले, असे की त्याने फोन तिथल्या तिथे काउंटरवर पालथा घातला आणि केबल ओढून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोलीस ठाण्यात गेला. समोर बसलेल्या अंमलदाराने विचारलं, "मुलीचा जन्मदाखला आहे का?" आणि मग म्हणाला, "फोटोंच्या प्रिंट काढून आण, मग बघू." पोरगा हात हलवत परत आला.

या दोन्ही मागण्यांना कायद्यात आधार नाही. दुसरी मागणी त्याने पुरी केली असती, तर तोच अडचणीत आला असता. असे परत पाठवलेले बरेच जण भेटले, म्हणून हे लिहितो आहे.

ही जबाबदारी कोणावर आहे

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पोक्सो म्हणतो तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० मध्ये प्रसारमाध्यमं, हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, स्टुडिओ आणि फोटोची कामं करणाऱ्या जागा यांची नावं घेऊन सांगितलं आहे की, मुलाचं लैंगिक शोषण दाखवणारं कोणतंही साहित्य, कोणत्याही माध्यमात, समोर आलं तर पोलिसांना कळवलंच पाहिजे. "माझं दुकान छोटं, एकटाच बसतो" ही सबब चालत नाही. जागेचं नाव काहीही असो आणि माणसं कितीही असोत, असं कलमातच लिहिलेलं आहे.

कायदा झाला तेव्हा डोळ्यांसमोर फोटो धुणारा स्टुडिओ होता. आज तेच काम लग्नाचे अल्बम डिझाइन करणारा, व्हिडिओ एडिटर, झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्हवरून कलर प्रिंट काढणारा, हार्डडिस्कमधला डेटा परत मिळवून देणारा करतो. "आमचं नाव कलमात नाही" असं यांना वाटतं. पण कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीने कळवायचं आहे. त्यावर ९ मार्च २०२० पासून लागू झालेल्या पोक्सोच्या नियमांतला नियम ११ आला. ज्या कोणाच्या हाती असं साहित्य येईल किंवा त्याची माहिती येईल, त्या प्रत्येकाने खबर द्यायची, असं तो सांगतो. तेव्हा पळवाट शोधू नका, ती नाही.

ऑनलाइन प्रिंटिंग किंवा क्लाउडवर फोटो साठवून देण्याचा धंदा असेल तर आणखी एक काम वाढतं: खबरीसोबत ते साहित्य आणि ते कुठून आलं याचा तपशीलही सोपवायचा. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं की, अशा साहित्याच्या खबरी गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेला कळवून कंपन्यांचं काम संपत नाही, इथल्या पोलिसांनाही कळवावं लागतं. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द वापरू नका, हे बाल लैंगिक शोषणाचं साहित्य आहे, असंही त्याच निकालात न्यायालयाने बजावलं.

नोकराने मालकाला सांगितलं म्हणजे खबर दिली असं होत नाही. ज्याने पाहिलं त्याने कळवायचं. माहीत असून गप्प बसलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसानेच गुन्हा केला आणि संस्थेच्या प्रमुखाने तो दडपला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

जन्मदाखल्याचा प्रश्न

सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. फोटोतलं मूल कोण, कुठलं, हे दुकानदाराला ठाऊक असायचं कारण नाही. त्याचा दाखला तो आणणार कुठून? वय सिद्ध करणं हे तपासाचं आणि न्यायालयाचं काम आहे. पोक्सोच्या २०१९ च्या दुरुस्तीत अशा साहित्याची जी व्याख्या घातली तिच्यात तर फोटो, व्हिडिओ, संगणकावर बनवलेली हुबेहूब प्रतिमा आणि फेरफार करून मूल दाखवल्यासारखी केलेली प्रतिमाही येते. त्यामुळे "हे एआयने बनवलेलं असेल, खरं मूल नसेल" असं म्हणून सोडून देऊ नका. पाहणाऱ्याला ते अठरा वर्षांखालचं मूल दिसतं आहे, एवढं खबर द्यायला पुरेसं आहे.

उलट बाजूही सांगतो, कारण हे ऐकून काही स्टुडिओवाले घाबरून जातात. आजीच्या मांडीवर तेल लावून घेणारं बाळ, परातीत बसवून आंघोळ घालतानाचा फोटो, हे आपल्या प्रत्येक घरच्या अल्बममध्ये असतं. ते शोषण नव्हे. प्रश्न लैंगिक शोषणाचा आहे, उघड्या अंगाचा नाही. शंका खरी असेल आणि पुढे ती चुकीची ठरली, तरी सद्भावनेने खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीही जबाबदारी येत नाही (कलम १९, पोटकलम ७). शिक्षा आहे ती कोणाला छळायला किंवा बदनाम करायला खोटी तक्रार करणाऱ्याला.

२४ तास कोणाचे

"आपल्याकडे २४ तास असतात ना?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो. नाही. ते २४ तास पोलिसांचे आहेत: खबर मिळाल्यावर बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवण्यासाठी. तुम्हाला कायद्याने सवलतीची मुदत दिलेलीच नाही. सकाळी दिसलं तर सकाळीच निघा. दुकान बंद करून संध्याकाळी जाऊ म्हणाल, तर तोवर गिऱ्हाईक फोन घेऊन गेलेलं असेल.

उशीर किती महागात पडतो याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातील मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही या आरोपावरून एका डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि वेळेवर, नीट खबर देणं अत्यंत महत्त्वाचं आहे असं बजावलं.

पुरावा म्हणून कॉपी करू नका

चांगल्या हेतूने केलेली सगळ्यात धोकादायक चूक हीच. साहेबांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं, स्क्रीनशॉट काढणं, स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये प्रत ठेवणं, व्यापारी मंडळाच्या ग्रुपवर "असं सापडलं" म्हणून टाकणं, यातलं काहीही नको. असं साहित्य बाळगणं आणि पसरवणं यासाठी कलम १५ आहे आणि शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब. त्यातही फोटो फिरला की त्या मुलाचं नुकसान पुन्हा एकदा होतं. ओळख उघड करण्याला वेगळी शिक्षा आहेच.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात: फाइल डिलीट करतात आणि हात झटकतात. ती फाइल म्हणजे तपासाचा धागा. डिलीट केल्याने तुमचं कळवण्याचं कर्तव्य संपत नाही.

वस्तू जशी आहे तशी बाजूला ठेवा, पुन्हा उघडू नका. गिऱ्हाइकाशी वाद घालू नका, त्याला जाब विचारू नका. ते दारात येऊन उभं राहिलं असेल तर ११२ ला फोन करा आणि पोलीस सांगतील तसं वागा.

खबर द्यायची कुठे

जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात. हद्दीचा वाद घालून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा. काउंटरवर वेळ न घालवता त्याचंच नाव विचारा. जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं, तिथेही जाता येतं. मूल ओळखीचं असेल किंवा आत्ता धोक्यात असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

ऑनलाइन द्यायची तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे केंद्राचं पोर्टल. तिथे महिला आणि बालकांविषयीच्या विभागात दोन वाटा आहेत. नाव न सांगता तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं हे पाहता येत नाही. दुकानदाराने माझ्या मते मोबाइल क्रमांक देऊन दुसरी वाट धरावी, म्हणजे पोच क्रमांक हातात राहतो. उद्या "तुम्ही कळवलं नाही" असं कोणी म्हणालं तर तोच कामाला येतो.

सोबत काय न्यायचं

स्वतःचं ओळखपत्र, बिलबुक आणि ती वस्तू. बस. फॉर्म नाही, स्टॅम्पपेपर नाही, फी नाही. नियमाप्रमाणे खबरीत कोणत्या उपकरणात दिसलं, कोणत्या उपकरणातून आल्याचा संशय आहे आणि कोणत्या मंचावर (ॲप, वेबसाइट वगैरे) दिसलं, हे यायला हवं. कोऱ्या कागदावर एवढं लिहिलं तरी चालतं:

"मी अमुक ठिकाणी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दिनांक … रोजी … वाजता बिल क्रमांक … प्रमाणे आलेल्या … कंपनीच्या … रंगाच्या फोनमध्ये डेटा हलवत असताना लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारे फोटो दिसले. मी त्यांची प्रत काढलेली नाही, कोणालाही पाठवलेले नाहीत. फोन बंदोबस्तात ठेवला असून सोबत हजर करत आहे. पोक्सो कलम १९ व २० प्रमाणे खबर देत आहे."

फोटोंचं वर्णन यापेक्षा जास्त लिहू नका.

खबर लिहून घेणं, तिला नोंद क्रमांक देणं आणि ती तुम्हाला वाचून दाखवणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. घेणाऱ्या अधिकाऱ्याने आपलं नाव, हुद्दा, फोन आणि वरिष्ठाचं नाव तुम्हाला सांगायचं असतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते. फोन ताब्यात घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा, नाहीतर चार दिवसांनी गिऱ्हाईक तुमच्याच गळ्यात पडेल.

आणि तरीही "नंतर या" म्हणाले तर? ज्या कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, त्याच कलमात खबर न नोंदवणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. हे वाक्य शांतपणे, आवाज न चढवता म्हणून बघा. मी स्वतः उभा राहून पाहिलं आहे, खुर्ची पुढे सरकते. नाहीच ऐकलं तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तो मोबाइलवाला पोरगा दुसऱ्यांदा गेला तेव्हा मी सोबत होतो. लिहिलेला कागद, बिलबुक, कापडात गुंडाळलेला फोन. जन्मदाखल्याचा विषय पुन्हा निघालाच. त्याने खिशातून कलमाची प्रत काढून टेबलावर ठेवली. बाल कल्याण पोलीस अधिकारी आतल्या खोलीतून बाहेर आल्या, कागद वाचला आणि नोंदवही उघडली.