टेकडाउन बाण

टेकडाउन बाण म्हणजे दोन (क्वचित तीन) तुकड्यांत सुटा होणारा आणि मारायच्या आधी परत जोडता येणारा बाण. पारंपरिक तिरंदाजीत, म्हणजे लाँगबो (लांब साधं धनुष्य) किंवा साध्या रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), नेम धरायची साइट आणि बाकी उपकरणं न लावता जी तिरंदाजी चालते तिथे, प्रवासात न्यायला हा बाण वापरतात. पिसं, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच), पॉइंट (पुढचं टोक) हे सगळं नेहमीच्या बाणासारखंच असतं. वेगळा असतो तो फक्त जोड, म्हणून ही नोंद मुख्यतः जोडाचीच आहे.

उगम

इथे मतं वेगवेगळी आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की दोन तुकड्यांचा बाण ही माणसाची फार जुनी युक्ती आहे आणि आजचा टेकडाउन बाण त्याच परंपरेतला. पुरावा म्हणून जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या श्टेलमूरचे बाण दाखवतात. आल्फ्रेड रुस्ट यांनी १९३० च्या दशकात तिथे उत्खनन केलं तेव्हा पाइन लाकडाच्या बाणांचे शंभराच्या आसपास तुकडे मिळाले, काळ साधारण ११,००० ते १२,००० वर्षांपूर्वीचा धरतात. त्यातल्या काहींना मागची लांब काठी आणि पुढची आखूड काठी असे दोन भाग होते, पुढच्या काठीला फोरशाफ्ट म्हणतात, आणि एकाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसायचं. मूळ वस्तू दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाल्या, त्यामुळे आजचा सगळा अभ्यास जुन्या नोंदी आणि चित्रांवर उभा आहे. अमेरिकेत मोंटानातल्या अँझिक इथे १९६८ मध्ये हरणाच्या शिंगाचे दांडके सापडले, ते याहून थोडे जुने, पण ते फोरशाफ्टच आहेत हे सगळ्यांना मान्य नाही, आणि असले तरी ते भाल्याचे, बाणाचे नाहीत.

त्यानंतरचं भक्कम उदाहरण म्हणजे आल्प्समधल्या हिमनदीत १९९१ मध्ये गोठलेल्या शवाच्या रूपात मिळालेला ओएट्झी हा माणूस, इसवीसनापूर्वी साधारण ३३०० च्या सुमाराचा. त्याच्या भात्यात १४ बाण होते आणि पूर्ण झालेले त्यातले फक्त दोन. काठ्या व्हायबर्नम या झुडपाच्या, आणि पूर्ण झालेल्या दोघांपैकी एकाला पुढे कॉर्नेल झाडाच्या कठीण लाकडाचा वेगळा तुकडा बसवलेला. हा तुकडा मुद्दाम बनवताना घातला की मोडलेला बाण दुरुस्त केला यावर वाद आहे. दुरुस्तीचं मत जास्त पटतं, कारण दुसरा पूर्ण बाण एकाच काठीचा आहे.

बोरूच्या किंवा वेताच्या बाणाला पुढे कठीण लाकूड लावायची पद्धत मात्र निर्विवाद आणि जगभर पसरलेली: प्राचीन इजिप्त, ॲमेझॉनचं खोरं, न्यू गिनी. बोरू हलका आणि सरळ, पण टोकाशी फाटतो, म्हणून पुढे जड लाकूड. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीच्या इशीने हे काम सॅक्स्टन पोप या डॉक्टरांना करून दाखवलं होतं, त्यांनी ते १९१८ मध्ये छापलं, आणि ते वर्णन आजही वाचण्यासारखं आहे. इशी आधी काठीचं टोक दोऱ्याने घट्ट आवळायचा, म्हणजे ती फाटणार नाही, मग हाडाची लांब अणकुचीदार सळी पायाच्या बोटांत उभी धरायचा आणि काठी तिच्यावर टेकवून दोन्ही तळव्यांत घुसळायचा, असं करत टोकात इंचभर खोल भोक पाडायचा. फोरशाफ्टचं मागचं टोक त्या मापाला निमुळतं करून आत बसवायचं आणि वरून तात गुंडाळायची. काठी फाटू नये म्हणून बाहेरून आवळायचं हे तत्त्व आजच्या कार्बन बाणावरच्या ॲल्युमिनियमच्या कॉलरमध्ये (बाहेरच्या कड्यात) जसंच्या तसं आहे.

पण हे सगळे बाण जोडलेले होते, सुटे करायचे नव्हते. खरोखर सुटणारं उदाहरण हवं तर अंदमानातल्या आदिवासींचा रानडुकराचा बाण बघावा. त्याचं टोक काठीच्या खोबणीत नुसतं बसवलेलं असतं आणि दोरीने काठीला बांधलेलं असतं, बाण लागला की टोक आत राहतं, काठी निघून मागे फरफटत जाते आणि झुडपात अडकते. म्हणजे तिथेही सुटणं शिकारीसाठी आहे, सामान बांधण्यासाठी नाही. दुसऱ्या बाजूचं मत हेच आहे: आजचा टेकडाउन बाण फोरशाफ्टचा वंशज नसून टेकडाउन धनुष्याचा सोबती आहे. इंग्लंडमध्ये १९व्या शतकात मुठीत पितळी नळीने जोडायचे दोन तुकड्यांचे धनुष्य मिळायचे, त्यांना कॅरेज बो म्हणत, आणि नंतर विसाव्या शतकात सुट्या लिंबचे (म्हणजे मुठीच्या वरखालच्या वाकणाऱ्या पट्ट्यांचे) रिकर्व्ह आल्यावर धनुष्य बॅगेत मावायला लागलं पण ३० इंची बाण मावेना. कारण आणि काळ दोन्ही बघता हे दुसरं मत जास्त सयुक्तिक वाटतं.

इंग्लिश पद्धतीचा फुटेड बाण, ज्याला पुढे कठीण लाकूड पाचरीसारखं कायमचं चिकटवतात, तो यात धरू नये. त्याचा जोड सुटत नाही.

जोड बनवणं

कार्बन शाफ्टचं, म्हणजे बाणाच्या कार्बन काठीचं, काम तुलनेने सोपं आहे. पॉइंटसाठी जे इन्सर्ट (शाफ्टच्या आत चिकटवायच्या आट्यांच्या छोट्या नळ्या) मिळतात त्यांचे आटे ८-३२ या ठरलेल्या मापाचे असतात, तेच इन्सर्ट दोन्ही तुकड्यांच्या कापलेल्या टोकांत बसवायचे, एकात त्याच मापाचा बिनडोक्याचा स्क्रू कायमचा लॉक करायचा आणि दुसरा तुकडा त्यावर फिरवून घट्ट करायचा. शाफ्ट फिरत्या अपघर्षक चकतीवर कापायचा, करवतीने नाही, नाहीतर तंतू उसवतात, आणि कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट म्हणून मास्क हवाच. कापलेलं तोंड काटकोनात आहे की नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. तोंडाला मार्करने काळं करून सपाट सँडपेपरवर हलक्या हाताने फिरवायचं, काळं सगळीकडून सारखं गेलं तर तोंड सरळ, एका बाजूला राहिलं तर अजून घासायचं. मग आतून स्पिरिटने पुसायचं आणि दोन भागांच्या इपॉक्सीने इन्सर्ट चिकटवायचं. हॉट मेल्टने (तापवून वितळवायच्या गोंदाने) काम लवकर होतं, पण शाफ्ट जास्त तापला तर कार्बनमधलं रेझिन खराब होतं, म्हणून जोडासाठी इपॉक्सीच बरं. दोन्ही तोंडांवर बाहेरून पातळ ॲल्युमिनियमची कॉलर बसवली की शाफ्ट फाटायची भीती बरीच कमी होते.

लाकडी बाणात आट्यांची अडचण वेगळी आहे. लाकडाच्या रेषांची दिशा धनुष्याच्या हिशोबाने ठरलेली असते, नॉकची खाच वलयांच्या रेषांना आडवी कापतात म्हणजे काठीची ताठ बाजू धनुष्याला लागते, शिवाय वरच्या अंगाला रेषांची टोकं पुढे पॉइंटकडे जाणारी ठेवतात म्हणजे बाण मोडलाच तर कुसळ हाताकडे येत नाही. आट्यांचा जोड कुठे घट्ट होईल ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे पुढचा तुकडा भलत्याच कोनात थांबतो. म्हणून लाकडाला पितळी नळीची खोबण आणि त्यात घट्ट बसणारी खुंटी चांगली, मासे धरायच्या जुन्या गळकाठीला असते तशी. कापायच्या आधी काठीवर लांबीच्या दिशेने पेन्सिलची एक रेघ मारायची आणि जोडताना दोन्ही रेघा जुळवायच्या. दोन्ही तुकडे एकाच काठीचे असावेत, दोन काठ्यांतून जुळवाजुळव केलेला बाण सरळ जात नाही.

जोड कुठे घ्यावा

बहुतेक जण मधोमध कापतात कारण दोन्ही तुकडे सारखे होतात. पण यात गोम आहे. धनुष्यावरून सुटताना बाण वाकतो, दोन्ही टोकं मोकळी असलेल्या पट्टीसारखा थरथरतो आणि सगळ्यात जास्त वाक मध्येच पडतो. कार्बन शाफ्टचा स्पाइन (ताठपणाचं माप, आकडा जितका लहान तितका शाफ्ट ताठ) मोजताना २८ इंचांच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात, शाफ्ट जितका इंच वाकेल त्याला हजाराने गुणलं की स्पाइन, म्हणजे अर्धा इंच वाकला तर ५००. आता त्याच शाफ्टच्या मध्यावर दोन इंचांचा अजिबात न वाकणारा जोड आहे असं धरलं तर हिशोबाने वाक जवळजवळ २० टक्क्यांनी कमी होतो आणि ५०० चा शाफ्ट ४०० सारखा वागायला लागतो. उडताना होणाऱ्या कंपनातही फरक साधारण तेवढाच, १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाण ताठ होतो, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो.

त्या कंपनात दोन जागा जवळजवळ स्थिर असतात, त्यांना नोड म्हणतात, एकसारख्या दांड्यात त्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर येतात. तिथे वाकही मध्यापेक्षा निम्म्याहून कमी असतो, आणि तोच दोन इंचांचा जोड तिथे घेतला तर ताठपणा जेमतेम ४ टक्के वाढतो. जड पॉइंट लावला की पुढचा नोड अजून पुढे सरकतो. अर्थात ३० इंची बाण नोडवर कापला तर एक तुकडा २३ इंचांचा उरतो, मग कापून फायदा काय! एक तृतीयांशावर जोड घेतला तर लांब तुकडा २० इंच आणि फरक ११ टक्क्यांच्या आसपास, ही तडजोड चांगली. मध्यावरच जोड हवा असेल तर सुरुवातीलाच एक पायरी मऊ शाफ्ट घ्यावा.

वजनाचाही विचार हवा. समजा ५०० ग्रेनचा (साधारण ३२ ग्रॅम), ३० इंची बाण आहे आणि त्याचा तोल मध्यापासून ३ इंच पुढे आहे, म्हणजे एफओसी (तोल मध्याच्या किती पुढे आहे ते लांबीच्या टक्क्यांत) १० टक्के. मध्यावर ४० ग्रेनचा जोड घातला तर एफओसी ९.३ वर येतो, तोच जोड मध्यापासून ५ इंच पुढे घेतला तर १०.५ होतो. म्हणून एक तृतीयांशावर घ्यायचा तर पुढच्या बाजूचा घ्यावा, मागच्या नाही.

मारताना

आट्यांच्या जोडात पिसांची बाजू महत्त्वाची आहे आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. टर्कीच्या उजव्या पंखाची पिसं लावली तर बाण मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, डाव्या पंखाची लावली तर उलटा. दोरीवरून सुटल्यावर पिसं मागच्या तुकड्याला फिरवतात आणि पुढचा तुकडा त्याच्यामागे ओढला जातो, टार्गेटमध्ये घुसताना पॉइंट आधी थांबतो आणि मागचा तुकडा फिरत राहू बघतो. नेहमीचे उजवे आटे असतील तर उजव्या पंखाच्या पिसांनी दोन्ही वेळा जोड घट्ट होतो आणि डाव्या पंखाच्या पिसांनी दोन्ही वेळा सैल. त्यामुळे नवीन टेकडाउन बाण बनवणाऱ्याने उजव्या पंखाची पिसं घ्यावीत, डावी आधीच लावलेली असतील तर आट्यांना मधमाशीचं मेण चोळावं किंवा छोटा रबरी ओ-रिंग घालावा, आणि तरीही प्रत्येक वेळी नॉक लावण्याआधी जोड हाताने पिळून बघावा.

सैल जोडाचा बाण मारणं धोक्याचं आहे. सुटताना जोडाशी तडकलेला कार्बन शाफ्ट मोडला तर त्याचे कुसळासारखे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. मारण्याआधी दोन्ही तुकडे वेगवेगळे धरून हलके वाकवून आणि पिळून बघायचे, कानाजवळ धरायचे, करकर आवाज आला तर तो बाण त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. जोडलेला बाण नखांवर किंवा दोन आधारांवर फिरवला की जोड वाकडा असेल तर पॉइंट थरथरताना दिसतो. टार्गेटमधून काढताना हात जोडाच्या पुढे, टार्गेटला लागून धरायचा आणि ओढताना घड्याळाच्या दिशेने किंचित पिळायचं. मागचा तुकडा धरून उलटं पिळलं तर पुढचा तुकडा गवताच्या गठ्ठ्यात राहतो.

वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय तिरंदाजी संघटनेच्या नियमात शाफ्टचा व्यास ९.३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे बाहेरची कॉलर लावताना तेवढं माप बघावं, आणि एका फेरीतले सगळे बाण सारखे लागतात, म्हणजे अर्धे टेकडाउन अर्धे साधे असं चालणार नाही. लाँगबो गटात बाण लाकडीच हवेत. विमानात बाण केबिनमध्ये नेता येत नाहीत, सुटे केले तरी ते चेक-इन सामानातच जातात.

भारतात

ऋग्वेदात (६.७५.१५) बाणाचं तोंड धातूचं (अयस्) असल्याचा उल्लेख येतो, म्हणजे टोक आणि काठी वेगळ्या वस्तूंची ही कल्पना जुनीच, आणि अखंड लोखंडाचा ‘नाराच’ हा बाण त्याच्या अगदी उलट टोकाला. बोरूच्या बाणात फाळाची शेपटी काठीत खुपसून दोऱ्याने आवळायची पद्धत देशात बऱ्याच ठिकाणी आहे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा लोकांचा तीरकामठा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची. तो हातात घेऊन पायी हिंडायचा असतो, तिथे बाण सुटा करायची गरजच पडत नाही. बांबूच्या बाणाचा टेकडाउन करायचाच असेल तर पेराजवळ कापावा, कारण पेराशी भिंत जाड असते आणि खुंटीला पकड मिळते, पण पेर बरोबर मध्यावर असेलच असं नाही, मग जोडाची जागा बांबूच ठरवतो.