खांद्यावरचं बाळ आणि पाच मिनिटांच्या फेऱ्या

आईबाबा कामावर निघून जातात, दार लागतं आणि घरात आजी आणि चार महिन्यांचं बाळ, दोघंच उरतात. थोड्या वेळात बाळ रडायला लागतं. आजी मांडीवर घेऊन थोपटते, पण रडणं थांबत नाही. शेवटी ती उठते, बाळाला छातीशी धरून घरभर फेऱ्या मारू लागते आणि बघता बघता रडं विरून जातं. बसून साधलं नाही ते चालल्यावर कसं साधलं?

जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावायचं ठरवलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २१ तान्ह्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. आई बाळाला घेऊन सलग ५ मिनिटं चालली, की रडणारी सगळी बाळं शांत होत, ठोके मंदावत आणि जवळजवळ निम्म्या बाळांचा डोळा लागे. नुसतं घेऊन बसल्याने हे होत नव्हतं. उंदराचं पिल्लूही आईने तोंडात धरून नेताना असंच निपचित होतं. संकटात आई पळत असताना पिल्लू वळवळलं तर दोघांचाही जीव जाईल, तेव्हा गप्प राहण्याची ही खोड उत्क्रांतीत टिकून राहिली असावी.

पण खरी कसोटी पुढेच असते. खाली ठेवल्यावर एक तृतीयांशाहून जास्त बाळं २० सेकंदांत जागी झाली. अंथरुणाला पाठ टेकली म्हणून बाळ उठलं, असं आपण समजतो. ठोके मात्र आईच्या अंगापासून बाळ सुटू लागतं तेव्हाच बदलतात. आधी जरा जास्त वेळ झोप लागलेली असेल, तर बाळ सहसा उठत नाही. म्हणून संशोधकांचा सल्ला असा: ५ मिनिटं चाला, बाळ झोपलं की ५ ते ८ मिनिटं तसंच घेऊन बसा, मग ठेवा. प्रयोग आयांवर झाला असला तरी आजी-आजोबांनीही तो जरूर करून पाहावा.

आणि ठेवायचं ते उताणंच. इथे मात्र जुन्या सवयीला मुरड घालावीच लागते. आज आजी-आजोबा झालेल्या कित्येकांनी आपली मुलं पालथी झोपवली, कारण तेव्हा अनेक देशांत डॉक्टरच तसं सांगत. पुढे पालथं झोपणं आणि झोपेतले आकस्मिक बालमृत्यू यांचा संबंध दिसून आला. १९९० च्या दशकात ब्रिटन, अमेरिकेसारख्या देशांत बाळाला पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा झाल्या आणि हे मृत्यू निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. बिछाना घट्ट आणि सपाट हवा. उशी, मऊ खेळणी, सैल पांघरुणं जवळ नकोत. मुलगी किंवा सून हे सांगते तेव्हा ती आजीच्या अनुभवावर अविश्वास दाखवत नसते.

अशा दिवसाने आजी दमते, हे खरंच. २०१४ साली ऑस्ट्रेलियात ५७ ते ६८ वर्षांच्या १८६ स्त्रियांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारांच्या वेगाच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या त्यांत उजव्या ठरल्या; पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्या एका चाचणीत मागे पडल्या. मुळात तल्लख आणि धडधाकट आज्याच नातवंडं सांभाळायला पुढे येत असतील, त्यामुळे यातून कारण सिद्ध होत नाही. पण याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला विचार करायला लावते. नातवंडांसाठी जितका जास्त वेळ जाई, तितकं आपल्या मुलांचं मागणं फार आहे, असं त्या आज्यांना वाटत होतं.