वजन नॉर्मल, शुगर बॉर्डरवर... मग खायचं काय?

एचबीए१सी (रक्तातली सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ५.९ आला म्हणून कुणी बारीक माणूस घरी सांगायला गेला की हमखास उत्तर मिळतं, "तुला कशी होईल शुगर, तू तर नुसती काडी आहेस". आणि नेटवर शोधलं तर पहिला सल्ला दिसतो तो वजन कमी करा. आता ५५ किलोच्या माणसाने नेमकं काय कमी करायचं?

आधी आकडे बघू. एचबीए१सी ५.७ ते ६.४ किंवा उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ असेल तर प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, असं धरतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मोठ्या सर्व्हेचा अंदाज २०२३ मध्ये आला, भारतात असे १३ कोटींहून जास्त लोक आहेत, आणि ते सगळे काही जाडे नाहीत.

बारीक माणसाला शुगर कशी होते, याचं उत्तर बरंचसं पुण्यात सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सेम, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने दोघांचा फोटो आकड्यांसकट छापला होता. वजनकाटा चरबी आणि स्नायू असा फरक करत नाही ना, त्यामुळे हातपाय काटकुळे, पोट जरासं पुढे आणि बीएमआय नॉर्मल असं आपल्याकडे सर्रास दिसतं. जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू, तेच कमी असतील तर ग्लुकोज रक्तात जास्त वेळ फिरत राहतं, त्यात लिव्हरमध्ये थोडी चरबी साठली असेल तर इन्सुलिनचं ऐकलं जात नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लोकांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवण्यात मुळात जरा कमी पडतं.

म्हणून बारीक माणसाने घाबरून जेवणच अर्धं केलं, रात्री नुसतं सूप पिऊन झोपला, तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि वजन उतरून मूळ अडचण तशीच. (पोटाचा घेर पुरुषांत ९० सेमी, बायकांत ८० च्या वर असेल तर मात्र दोनतीन किलो उतरवण्यात अर्थ आहे.) चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने प्रीडायबेटिसवाल्या ५३१ लोकांवर अभ्यास केला होता, २००६ साली छापून आला, त्यात साखर-मैदा कमी आणि रोज चालणं एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी घटलं, आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन फारसं हललंच नव्हतं.

तर ताट रिकामं नाही करायचं, ताटातले पदार्थ बदलायचे. आपला प्रॉब्लेम साखरेपेक्षा स्टार्चचा जास्त आहे असं माझं स्पष्ट मत. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात-बटाट्याची भाजी, चहाबरोबर खारी, रात्री परत पोळी, यात प्रोटीन आहे कुठे? पातळ वरणाची वाटी म्हणजे बरंचसं पाणीच. आणि उपवासाच्या साबुदाणा खिचडीबद्दल तर बोलायलाच नको, साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, त्यातल्या त्यात दाण्याचं कूट तेवढं कामाचं.

मग पोहे बंद का? नाही हो. पोहे अर्धी प्लेट, त्यात मटार-दाणे भरपूर आणि सोबत दोन अंडी किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ. जेवताना तीन पोळ्यांच्या जागी दीड, पण उसळ दोन वाट्या, वरण घट्ट, दही, पनीर किंवा मासे, जे चालत असेल ते. पोळी काढल्याने कमी पडलेल्या कॅलरी शेंगदाणे, तीळ, बदाम यातून भरायच्या, नाहीतर आधीच बारीक माणूस अजून वाळतो. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ती औषध नाहीये, चार भाकऱ्या खाल्ल्या तर शुगर वाढणारच. कोशिंबीर आणि उसळ आधी, भात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची शुगर कमी उसळते. फळ अख्खं खा, ज्यूस नको. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाला आणि आठवड्यातून दोनतीनदा स्नायूंना खरंच ताण पडेल असा व्यायाम, बैठका, जोर, डंबेल काहीही, कारण खाल्लेलं प्रोटीन स्नायूत जायला तेवढं निमित्त लागतं. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

एचबीए१सी दोनतीन महिन्यांची सरासरी दाखवतो म्हणून दर पंधरा दिवसांनी टेस्ट करून उपयोग नाही, तीन महिन्यांनी करा. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच थोडा वर दिसू शकतो, आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे ते माहितीये, त्यामुळे हिमोग्लोबिन बघून घ्या आणि शंका असेल तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनीची शुगर करा. आणि काही न करता वजन उतरतंय, तहान-लघवी वाढलीये आणि शुगरही चढतेय असं असेल तर डाएटचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा, बारीक माणसात ते कधीकधी टाइप १ (शरीर इन्सुलिन बनवणंच जवळपास बंद करतं तो डायबेटिस) निघतं आणि त्याला इन्सुलिनच लागतं.