परदेशात रोज घालायचं हिवाळी जॅकेट : घ्यायला येण्याआधी हे वाचा

दर वर्षी जून ते ऑगस्ट आमच्या दुकानात तेच घडतं. व्हिसाची धावपळ नुकतीच संपलेली असते, तिकीट सप्टेंबरचं असतं, बाहेर पुण्याचा पाऊस लागलेला असतो. आईवडील मुलाला किंवा मुलीला घेऊन जॅकेट घ्यायला येतात. पातळ टी-शर्टवर जॅकेट चढतं, आरशात पाहणं होतं, आणि कुणीतरी म्हणतं, "जरा ढगळ वाटतंय. एक साइज लहान दाखवा."

हे पत्रक त्या एका वाक्यासाठी आहे.

नोव्हेंबरात त्यातल्या काही घरांतून फोन येतात. "जॅकेटमध्ये थंडी वाजते म्हणतोय हो पोरगा. चांगलं म्हणून दिलंत ना तुम्ही?" आम्ही जॅकेट घातलेला फोटो मागवतो. बहुतेक वेळा फोटोत जाड हूडी असते, तिच्यावर आमचं जॅकेट असतं, बाह्या ताणलेल्या असतात आणि चेन छातीपर्यंतच लागलेली असते. जॅकेट चांगलंच असतं, माप चुकलेलं असतं. आणि तिथून कुरिअरनं परत पाठवून बदलून घ्यायचं म्हटलं, तर येण्याजाण्याचा खर्च जॅकेटच्या किमतीच्या जवळ पोचतो. मूल तिथे कुडकुडतं, इथे तुम्हाला झोप लागत नाही आणि आम्हालाही वाईट वाटतं.

घट्ट जॅकेट थंड का पडतं

जॅकेट स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या अंगाची असते, जॅकेट ती फक्त धरून ठेवतं. धरून ठेवते ती आत अडकलेली, न हलणारी हवा. जुनी गादी दबून पापड झाली की थंड लागते आणि कापूस पिंजून भरला की तीच ऊबदार होते. कापूस तोच, वजनही तेच, फक्त मधली हवा परत आलेली असते. जॅकेटमधल्या भरावाचंही तसंच आहे. आत स्वेटर घालून वरून घट्ट जॅकेट ओढलं की खांदे, काख आणि पाठ इथला भराव चेपला जातो. पैसे ज्या फुगीरपणाचे मोजले, तोच आपण दाबून टाकतो.

घट्ट मापाचा दुसरा तोटा आणखी महाग पडतो. काही जण बरोबर मापाचं जॅकेट नेतात आणि पुढच्या चौकातल्या टेलरकडे बाजू मारून घेतात, म्हणजे 'फिटिंग' करून घेतात. वॉटरप्रूफ कापडात सुई गेली की प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं. कारखान्यात शिवणीवर आतून उष्णतेनं पट्टी चिकटवून ही भोकं बंद केलेली असतात. टेलरकडे ती पट्टी नसते, ते यंत्रही नसतं. मग पहिल्याच पावसात काखेखालून पाणी झिरपतं आणि जॅकेट 'लीक' निघालं म्हणून परत येतं. टेलरची चूक नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. पण असं जॅकेट आम्ही बदलून देत नाही. हा नियम कडक वाटतो याची आम्हाला कल्पना आहे. मारलेली बाजू पुन्हा वॉटरप्रूफ करणं आमच्या हातात नाही, म्हणून तो आहे.

माप कसं बघायचं

जो घालणार आहे, त्यानंच यावं. "ताईच्या मापाचं द्या, ती माझ्याएवढीच आहे" यावर आम्ही विकणं टाळतो. गिऱ्हाईक परत का पाठवता, असं लोक विचारतात. नोव्हेंबरातला तो फोन टाळायचा असतो, म्हणून.

आमच्या काउंटरवर एक पातळ लोकरी स्वेटर आणि एक फ्लीस, म्हणजे मऊ लवदार पॉलिस्टरचं आतून घालायचं जॅकेट, कायम ठेवलेलं असतं. ट्रायल त्यावरच करा. जुलैत घाम येईल, पण पाच मिनिटांचा प्रश्न आहे. चेन हनुवटीपर्यंत लावा. दोन्ही हात वर करा, मेट्रोत वरचा दांडा धरतो तसे. कंबर उघडी पडली तर जॅकेट आखूड आहे. मग दोन्ही हातांनी स्वतःचे खांदे धरा. पाठीवर ताण आला तर मोठी साइज मागा. स्टुलावर बसून बघा. पोटावर चेन ताणली गेली, तर रोज बसमध्ये तेच होणार. खालूनही उघडणारी दुहेरी चेन असेल तर बसताना फार सोय होते. बाही अंगठ्याच्या बुडापर्यंत हवी, कारण हात पुढे केला की ती मागे सरकते. शेवटी हूड चढवून मान डावीउजवीकडे वळवा. हूड मानेबरोबर वळलं पाहिजे. ते जागेवरच राहिलं आणि डोळ्यासमोर कापड आलं, तर रस्ता ओलांडताना गाडी दिसणार नाही.

पाठीवर लॅपटॉपची बॅग लागणारच असेल, तर तीही घेऊन या. बॅगेचे पट्टे खांद्यावरचा भराव दाबतात आणि कापडावरचा लेप घासतात. ओल बहुतेक तिथूनच सुरू होते. खांद्यावर जरा जाड कापड असलेली जॅकेटं त्यासाठी आम्ही वेगळी टांगून ठेवतो. विचारा, दाखवू.

वाढत्या अंगाचं घ्यावं, असं आपल्याकडच्या आया पूर्वी शाळेचा गणवेश घेताना म्हणायच्या. हिवाळी जॅकेट घेताना त्यांचंच ऐका.

"वॉटरप्रूफ आहे ना?"

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. लेबलवर 'वॉटर रेपेलंट' किंवा 'वॉटर रेझिस्टंट' असेल तर भुरभुर निभते, अर्धा तास बसची वाट बघणं निभत नाही. 'वॉटरप्रूफ'बरोबर मिलिमीटरमध्ये आकडा असतो. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि कुठल्या दाबाला पलीकडे थेंब उमटतात ते बघतात. 10,000 म्हणजे 10 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब. शहरात रोज वापरायला 10,000 पुरे. 20,000 डोंगरात बर्फात दिवस काढणाऱ्यांसाठी. घेतलंत तर आमचा फायदाच आहे, पण ऑफिस आणि कॉलेजसाठी तो जास्तीचा खर्च आहे.

आकड्याइतकीच शिवण बघा. आतून शिवणींवर पट्टी हवी. अस्तर असेल तर ती दिसत नाही, अशा वेळी लेबल वाचा किंवा आम्हाला विचारा. चौकोनी किंवा आडव्या टाक्यांची फुगीर जॅकेटं सगळ्यांना आवडतात, पण आरपार शिवलेल्या प्रत्येक रेघेत शेकडो भोकं असतात. कापड कितीही भारी असो, असं जॅकेट पावसाचं नव्हे. त्याच्यावर पातळ वॉटरप्रूफ आवरण चढवलं तर मात्र ती जोडी उत्तम.

रेनकोट चालणार नाही का, हाही प्रश्न नेहमीचा. पाणी अडतं, पण घामाची वाफही आतच राहते. दहा मिनिटं भरभर चालून थांबलात की आतला ओला शर्ट गार पडतो आणि हुडहुडी भरते. चांगल्या जॅकेटच्या कापडात वाफ बाहेर सोडणारा पडदा किंवा लेप असतो. किमतीतला मोठा फरक तिथेच आहे.

कुठल्या गावाला जाताय, ते आधी सांगा

"सगळ्यात जाड द्या" असं म्हणू नका. परदेशातली घरं, वर्ग, दुकानं, ट्राम गरम केलेली असतात. अतिजाड जॅकेट घालून मेट्रोत शिरलात की घाम फुटतो आणि तोच घाम घेऊन परत थंडीत उतरता.

लंडन आणि डब्लिनला जानेवारीतही दुपारी 7-8 अंश असतात. थंडीपेक्षा वारा आणि पाऊस जास्त. वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून चांगलं हूड तिथे छत्रीहून उपयोगी. वॉटरप्रूफ आवरण आणि आत सुटं होणारं फ्लीस, अशी जोडी तिथे सहा-सात महिने वापरता येते. बर्लिन, म्युनिकला पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. पडलेलं बर्फ लगेच वितळतं, आणि कपडे भिजवतं ते हेच ओलं बर्फ. टोरांटोला जानेवारीची सरासरी शून्याखाली चार-पाच अंश, माँट्रियलला त्याहून बरीच खाली. तिथे मांडी झाकणारं लांब पार्का घ्या. कमरेपर्यंतच्या जॅकेटला मांड्या गारठतात.

विनिपेग, एडमंटनला निघालेल्यांना आम्ही मुख्य जॅकेट विकत नाही. तिथे उणे 30 ची थंडी असते. ती कोरडी असते, बर्फ भुकटीसारखं झटकून टाकता येतं, त्यामुळे वॉटरप्रूफपेक्षा भरावच महत्त्वाचा. तिथल्या दुकानात त्या हवेसाठी बनवलेला माल जास्त चांगला मिळतो. सप्टेंबरात पोचल्यावर निवांत घ्या. इथून लोकरीचे आतले कपडे, मोजे आणि ऑक्टोबरपुरतं मध्यम जॅकेट न्या. ते आमच्याकडे आहे.

मनालीला चार दिवस जाणाऱ्यांनी खर्च करू नये. तिथे भाड्यानं मिळतं.

"उणे 20 वालं आहे का?"

स्लीपिंग बॅगच्या तापमानासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. रोजच्या वापराच्या जॅकेटांवरचा 'उणे 20' मात्र बहुतेक वेळा त्या कंपनीनं स्वतःच ठरवलेला आकडा असतो. एकाचा उणे 20 दुसऱ्याच्या उणे 10 इतका भरू शकतो. त्यात माणूस चालतोय की थांब्यावर उभा आहे, आत काय घातलंय, वारा किती, यावरही फरक पडतो. म्हणून आमच्या स्वतःच्या लेबलवर तापमान लिहिलेलं नाही. भराव काय आणि किती ग्रॅम, तेवढं लिहिलं आहे.

भरावाबद्दल एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. लेबलवर 'डाऊन' असेल तर आत बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं आहेत. पुष्कळ शाकाहारी घरांत हे चालत नाही आणि घरी गेल्यावर कळलं की मनस्ताप होतो. आम्ही आपणहून सांगतो, तुम्हीही विचारा. पॉलिस्टरचा भराव असलेली जॅकेटं आम्ही जास्त ठेवतो ती काही याच कारणानं नाही. पिसं वजनाला हलकी आणि कोरडी असताना फार उबदार. डाऊनच्या लेबलवरचा आकडा फुगीरपणाचा असतो. 600 आकड्याचं डाऊन म्हणजे 28 ग्रॅम पिसं सुमारे 10 लिटर जागा व्यापतात. पण भिजली की ती गोळा होतात आणि ऊब जाते. पॉलिस्टर भिजूनही बरंच काम करतं. ओल्या थंडीच्या शहरात आमचं मत पॉलिस्टरच्या बाजूनं आहे.

पावसाळ्यात माळ्यावर टाकू नका

एप्रिलमध्ये सेलला घेतलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं, डिसेंबरात काढलं तर आतून चिकट. असं जॅकेट आमच्याकडे आलं की आम्हाला काहीच करता येत नाही. कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेनं हळूहळू कुजतो, चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. जॅकेट कपाटात हँगरवर मोकळं टांगा. बॅग भरताना व्हॅक्यूम पिशवीत दाबलं तर प्रवासापुरतं चालतं, पोचल्याबरोबर काढून झटका. त्याहून सोपं म्हणजे विमानात हातावर घेऊन जा. 23 किलोत दीड किलो वाचतो.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्यानं कापडाचा पाणी झटकण्याचा गुण जातो, वरचं कापड पाणी शोषून जड होतं आणि जॅकेट गळतंय असा भास होतो. लेबलवर ड्रायरची परवानगी असेल तर मंद आचेवर थोडा वेळ फिरवलं की तो गुण बराच परत येतो. नव्या जॅकेटांना हे जास्त वेळा लागेल. जुन्या लेपात पीएफएएस नावाची फ्लोरिनची रसायनं असत. ती निसर्गात नष्ट होत नाहीत म्हणून 2025 पासून कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये नव्या कपड्यांत त्यांच्यावर बंदी आली, आणि अनेक कंपन्यांनी लेप बदलले. नवे लेप पाणी झटकतात, पण तेलकट डाग धरतात. कॉलर आणि मनगटं मळली की धुवा, घाबरू नका.

दुकानात येताना

विमानाच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी या. शनिवारी-रविवारी ट्रायलला थांबावं लागतं, मंगळवार-बुधवार सकाळी दुकान मोकळं असतं. घरातला सर्वांत जाड स्वेटर असेल तर तो, रोजची बॅग आणि शहराचं नाव एवढं आणा. खरेदीपासून 15 दिवसांत, टॅग न काढलेलं आणि टेलरकडे न गेलेलं जॅकेट साइजसाठी बदलून मिळेल. घरी नेल्यावर संध्याकाळी पुन्हा एकदा स्वेटरवर घालून, हात वर करून बघा. खांद्यावर जरा जरी ओढलं, तर दुसऱ्या दिवशी घेऊन या, मोठी साइज काढून ठेवतो.