शाळेत कोडिंग पहिल्यांदा आलं तेव्हा

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आणि क्लासच्या जाहिरातींना ऊत आला. जणू शाळेत हा विषय आजवर कोणी आणलाच नव्हता! खरं तर आपल्या शाळांत संगणक आला तोच प्रोग्रॅमिंगचं बोट धरून.

1984-85 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. पूर्ण नाव ‘कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’. त्यासाठी निवडलेलं यंत्र ब्रिटिश होतं, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो. बीबीसीने 1982 च्या सुरुवातीला टीव्हीवरून लोकांना संगणक शिकवायला घेतला, त्या मोहिमेसाठी ते बनलं होतं. असे सुमारे 12 हजार संगणक राज्य सरकारांमार्फत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांत पोचले. शाळा होत्या साधारण 2,400. म्हणजे एका शाळेला सरासरी पाच, आणि वर्गात मुलं पन्नास-साठ.

यंत्राची मेमरी 32 केबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. पण बटण दाबलं की क्षणात काळ्या पडद्यावर यंत्राचं नाव, त्याखाली ‘बेसिक’ हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव आणि एक बाणासारखं चिन्ह उमटायचं. बस्स. चित्रं नाहीत, मेनू नाही. यंत्राकडून काही करून घ्यायचं तर आज्ञा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 10 क्रमांकाच्या ओळीवर ‘प्रिंट’ आणि स्वतःचं नाव, 20 वर ‘गोटू 10’, म्हणजे परत 10 वर जा, मग ‘रन’; की नाव पडद्यावरून धो धो वाहायला लागायचं. अभ्यासक्रम कोणी कसाही आखला असता, तरी या यंत्रासमोर बसलेल्या मुलाला पहिल्या तासाला प्रोग्रॅमच लिहावा लागला असता. पुढची चाळीस वर्षं समजून घ्यायला मला ही एवढी एकच गोष्ट पुरेशी वाटते.

अडचणी होत्याच. शिकवायला गणित-विज्ञानाचे शिक्षक, तेही थोडक्या प्रशिक्षणावर. संगणकाची खोली म्हणजे देवघर: चपला बाहेर, हात लावायचा नाही, सर दाखवतील ते बघायचं. आणि सगळा कारभार इंग्रजीत. पुण्यात 1988 मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट तंत्रामुळे पडद्यावर देवनागरी दिसू लागली, 1991 मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानकही ठरलं. पण सोय झाली ती मजकूर टाइप करण्याची. आज्ञा इंग्रजीच राहिल्या.

नव्वदच्या दशकात जुनी यंत्रं अडगळीत गेली, पीसी आले, पाठोपाठ विंडोज आलं. आता पडदा उघडला की समोर चित्रं आणि हातात माऊस. काही न लिहिताही काम भागू लागलं, आणि शाळेतला ‘कॉम्प्युटरचा तास’ हळूहळू पेंट, वर्ड, एक्सेलचा झाला. महाराष्ट्रात 2001 मध्ये एमकेसीएल या कंपनीची स्थापना झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स घरोघरी पोचला. सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं, तेव्हा दहावीच्या सुट्टीत संगणक ‘करणे’ म्हणजे काय, याचा अर्थच ठरून गेला. केंद्राची 2004 ची शाळांसाठीची योजनाही ‘आयसीटी’च्या, म्हणजे माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाच्या, नावाने आली.

प्रोग्रॅमिंग मात्र अकरावी-बारावीच्या माडीवर सरकलं. राज्य मंडळाच्या सायन्सला बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख विषय म्हणून कॉम्प्युटर सायन्स घेतलं की 200 गुण, आणि दुसऱ्या भाषेतून सुटका. अनेकांनी ते संगणकाच्या ओढीने नाही, गुणांच्या हिशेबाने घेतलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. एका पेपरला सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि वेबपानं बनवायचं एचटीएमएल, दुसऱ्याला 8085 मायक्रोप्रोसेसर. ही चिप इंटेलची, 1976 ची. ती शिकणाऱ्या मुलांच्या जन्माआधी कितीतरी वर्षं बाजारात आलेली. प्रॅक्टिकलला टर्बो सी++ या जुन्या सॉफ्टवेअरचा निळा पडदा. सीबीएसईने 2019-20 पासून बारावीत सी++ ऐवजी पायथन ही भाषा आणली.

गंमत म्हणजे बीबीसी मायक्रोच्या मायदेशीही हेच घडलं. तिथल्या मुलांचाही आयसीटीचा तास ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकला होता. 2012 मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने अहवाल काढून त्यावर बोट ठेवलं, आणि सप्टेंबर 2014 पासून इंग्लंडच्या शाळांत आयसीटीच्या जागी ‘कम्प्युटिंग’ हा विषय आला. पुढे 2016 मध्ये बीबीसीने अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मायक्रो:बिट नावाचा तळहाताएवढाही नसलेला संगणक फुकट वाटला. त्याला पडदा नाही, फक्त 25 दिवे, आणि ते हवे तसे पेटवायला प्रोग्रॅम लिहावा लागतो.

आपल्याकडे धोरणात ‘कोडिंग’ हा शब्द आला आहे. पण घरी बहुतेक मुलांच्या हाती लागतो तो मोबाइल, बऱ्याचदा आईचा किंवा बाबांचा, आणि त्यावर दोन ओळींचा ‘गोटू’ लिहायचा तरी आधी कुठलं तरी अ‍ॅप शोधून उतरवून घ्यावं लागतं.